एक आण्याचा रस्ता

1869 साली मुंबई सरकारनं एक कायदा केला. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे रयतेनं एक आणा जादा भरायचा, त्या पैशाचा वेगळा 'लोकल फंड' करायचा आणि त्याचे दोन वाटे रस्त्यांना, एक वाटा शाळांना द्यायचा. ठाणे जिल्ह्यात भात पिकवणाऱ्यांनी हा आणा भरला. भिवंडी तालुक्यातल्या त्या शेतकऱ्याकडे मोटार असणं शक्यच नव्हतं, घोडाही क्वचित कुणाकडे. ज्याची ऐपत त्याची बैलगाडी, बाकीच्यांचे पाय. या मुलखात सार्वजनिक पैशातून रस्ते बांधायला सुरुवात झाली तेव्हा त्या पैशाचा मोठा भाग चालणाऱ्या माणसाकडून आला होता.

फुटपाथ किंवा सायकल मार्गाची मागणी निघाली की महापालिकेच्या सभागृहात एक प्रश्न हमखास येतो : यांच्यासाठी पैसा कुठून आणायचा? जणू रस्ता गाड्यांचा, आणि चालणारे म्हणजे त्यावरची बिनभाड्याची कुळं. भिवंडीचा दीडशे वर्षांचा हिशेब काढला तर हा प्रश्न उलटा विचारावा लागतो.

गाव आग्रा रोडवरचं. मुंबईहून ठाणे, भिवंडी, शहापूर करत कसाऱ्याचा थळ घाट चढून नाशिककडे आणि पुढे उत्तरेत जाणारा हा रस्ता व्यापाराची मोठी वाट होता. 1853 मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली, पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली आणि भिवंडी रुळांच्या बाहेर राहिली. ही चुकामूक शहराला फार महागात पडली. आजही दिवा-वसई मार्गावरचं भिवंडी रोड स्टेशन शहराच्या कडेला आहे आणि तिथं थांबणाऱ्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. शेजारच्या कल्याण-ठाण्याला लोकलनं जे दिलं ते भिवंडीला कधी मिळालं नाही. मालाला रस्ता आणि माणसालाही रस्ताच.

याच काळात शहराचा धंदाही ठरत होता. 1857 च्या उठावानंतर आजच्या उत्तर प्रदेशातून, मऊ-मुबारकपूर-आझमगडच्या पट्ट्यातून, मोमीन विणकरांची घराणी दक्षिणेकडे सरकली. काही मालेगावात थांबली, काही भिवंडीत आली. हातमागावर लुगडी विणली जात. 1930 च्या दशकात विजेचे माग येऊ लागले, आणि पुढे तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पद्मानगर वसवलं. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा गिरण्यांतलं विणकाम मोठ्या प्रमाणावर भिवंडीच्या मागांकडे वळलं. संप मिटला की नाही यावर अजून वाद घालता येतो, पण काम परत गेलं नाही हे नक्की.

या धंद्यानं एक वेगळ्याच बांधणीचं शहर घडवलं. मुंबईच्या गिरणगावात गिरणी एका बाजूला, चाळी दुसऱ्या बाजूला आणि मध्ये भोंगा. भिवंडीत कारखाना असा वेगळा काढून दाखवता येत नाही. खाली माग, वर माणसं. एका गल्लीत माग, पुढच्या गल्लीत सायझिंग (सुताला खळ लावायचं काम), त्यापुढे कामगारांची खोली आणि त्याला लागून भिस्सी, म्हणजे महिन्याच्या हिशेबावर जेवण देणारी खानावळ. एकाच खोलीत दिवसपाळीचे आणि रातपाळीचे आलटून पालटून झोपतात. बाराबारा तासांची पाळी बदलली की निजामपुरा, शांतीनगर, गैबीनगर, पद्मानगर अशा वस्त्यांमधून हजारो माणसं एकाच वेळी रस्त्यावर येतात. ती चालतच येतात. मजुरी विणलेल्या मीटरवर ठरते, त्यामुळे माग बंद तर मजुरी बंद, आणि शेअर रिक्षाही दोन्ही वेळेला परवडत नाही.

यंत्रमाग चालतो तोच मुळी माणसाच्या पायांवर. सूत, बीम, कांड्या, विणलेले ताके हे सगळं गल्लीतून गल्लीत हलतं ते हातगाडीवर, खांद्यावर, सायकलच्या कॅरिअरवर. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबतो. चहाची किटली, पाव, मागाचे सुटे भाग सायकलनं फिरतात. नियोजनाच्या पुस्तकात ज्याला मिश्र वापराचं, चालण्याजोगं शहर म्हणून शाबासकी मिळते ते भिवंडीनं कुणी न सांगता केलं होतं. राहिला तो फक्त चालण्याजोगा रस्ता.

सायकलचा इतिहास याहून मजेदार आहे, कारण सायकलस्वारानं एकेकाळी रस्त्यासाठी अगदी नाव घालून कर भरला आहे. 1901 च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्यानं नगरपालिकांना वाहनं, होड्या आणि ओझ्याची जनावरं यांवर कर बसवायची मुभा दिली होती. 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद कायद्यानंही मोटारगाड्या वगळून इतर वाहनांवर हा कर ठेवला. राज्यातल्या अनेक शहरांत त्याची खूण म्हणजे सायकलचा बिल्ला. दरवर्षी पालिकेत पैसे भरायचे आणि नव्या सालाचा पत्र्याचा किंवा पितळेचा बिल्ला सायकलला ठोकायचा. पुण्यातल्या जुन्या पिढीला हा बिल्ला चांगला आठवतो, आणि बिल्ला नसल्यामुळे गल्लीबोळातून काढलेला पळही आठवतो. रात्री दिवा नसला तर दंड, डबलसीट दिसलं तर दंड, आणि दंडाला पैसे नसले तर चाकातली हवा सोडायची ही पोलिसांची लाडकी शिक्षा. ताशी भाड्यानं सायकल देणाऱ्या दुकानदाराला प्रत्येक सायकलीचा बिल्ला सांभाळावा लागे. गंमत अशी की ज्या काळात सायकलवाल्याला इतके नियम आणि कर होते त्या काळात रस्त्यावर त्याला मानही होता. बिल्ला बंद झाला तसा पालिकेच्या हिशेबातून सायकलवालाच गायब झाला.

असा बिल्ला फक्त आपल्याकडे नव्हता. सायकलींचा देश म्हणून आज ज्याचं नाव निघतं त्या नेदरलँड्समध्ये 1924 ते 1941 सायकलवर कर होता. तीन गिल्डर भरून धातूचा बिल्ला लावावा लागे. मंदीच्या काळात बेकारांना तो फुकट मिळायचा, पण त्याला मधोमध एक भोक असायचं, म्हणजे कोण कर भरत नाही ते चारचौघांत कळावं. तिथंही सायकलवाल्यांची तक्रार हीच होती की आमच्या पैशातून मोटारींचे रस्ते होतात.

मोटारी आल्या आणि हिशेब बदलला. तो बदलण्यात एका मराठी माणसाचा मोठा हात होता. 1927 मध्ये सरकारनं देशातल्या रस्त्यांचा विचार करायला समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते मुकुंद रामराव जयकर, मुंबईचे नामवंत बॅरिस्टर आणि पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. जिल्हा बोर्डांच्या तुटपुंज्या पैशातून रस्ते सांभाळणं शक्य नाही, असं या समितीनं सांगितलं. मग 1929 मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर बसवून केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. याच समितीच्या शिफारशीतून 1934 मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. 1935 मध्ये मुंबई प्रांतानं मोटारींवरचा कर आपल्या हाती घेतला.

जयकरांचा विचार त्या काळात बरोबर होता. मोटारी रस्ते खराब करत होत्या, तेव्हा त्यांच्याकडून पैसे घेणं न्याय्यच होतं. पण या वळणानं डोक्यातली समजूत बदलली. रस्त्याचा पैसा पेट्रोलमधून येतो, तर रस्ता पेट्रोल जाळणाऱ्याचा, असं हळूहळू सगळेच मानू लागले. शेतसाऱ्यावरचा एक आणा विसरला गेला. जकातही विसरली गेली. शहरात येणाऱ्या मालावर घेतलेली जकात शेवटी तो माल विकत घेणारा प्रत्येक जण भरत होता, पायी चालणारा माग कामगारही. पालिकेचे रस्ते आणि दिवे बऱ्याच अंशी त्याच पैशावर उभे होते. जकातीच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांपुरता तो गेला आणि 2017 मध्ये जीएसटी आला. सायकलवर 12 टक्के जीएसटी होता, तो सप्टेंबर 2025 मध्ये 5 टक्के झाला. कर द्यायचा नाही अशी सोय चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला कधीही नव्हती.

जकातीनं भिवंडीचं आणखी एक रूप घडवलं. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर, न्हावाशेवा बंदरापासून आवाक्यात, आग्रा आणि अहमदाबाद या दोन्ही महामार्गांच्या मध्ये, आणि जमीन ग्रामपंचायतींच्या हद्दीतली. मानकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडा, सोनाळे या गावांतल्या भातशेतीवर गोदामं उभी राहिली आणि आज देशातल्या सर्वांत मोठ्या गोदाम पट्ट्यांत याची गणना होते. मुंबईकराला उद्या सकाळी मिळणारं पार्सल आज रात्री बहुधा इथूनच निघतं. 2007 मध्ये राज्य सरकारनं आसपासच्या 60 गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला, म्हणजे एमएमआरडीएला, विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. गोदामांत काम करणारी मुलं-मुली महामार्गाच्या कडेनं, कंटेनरच्या चाकांपासून हातभर अंतरावरून चालतात. रस्ता चौपदरी असो की आठपदरी, त्यांच्यासाठी मातीची कड तेवढी ठेवलेली असते, आणि पावसाळ्यात तीही चिखलात जाते.

पैसा नाही असं म्हणण्याची सोय या भागात खरोखर नाही. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो 5 चा मूळ खर्च 8,416 कोटी रुपये धरलेला, लांबी 24.9 किलोमीटर, डिसेंबर 2018 मध्ये कल्याणला तिचं भूमिपूजन झालं. रेल्वेनं टाळलेल्या शहराला दीडशे वर्षांनी रूळ मिळताहेत ही आनंदाची गोष्ट आहे. पण मेट्रोचा प्रत्येक प्रवासी आधी चालणारा असतो. अंजूरफाट्याच्या किंवा धामणकर नाक्याच्या स्थानकातून उतरलेली बाई पुढचा एक किलोमीटर कशी जाणार, याला त्या आठ हजार कोटींत किती जागा आहे हा साधा प्रश्न आहे. फलाटापर्यंत सरकते जिने आणि जिन्याबाहेर उघडं गटार, असं झालं तर मेट्रोचे प्रवासीच कमी होतील.

एमएमआरडीएनं सायकलवर कधीच खर्च केला नाही असं मात्र नाही. 2011 च्या सुमारास वांद्रे-कुर्ला संकुलात तिनं सायकल ट्रॅक बांधला. त्यावर गाड्या उभ्या राहिल्या. 2025 मध्ये तो ट्रॅक काढून वाहनांसाठी लेन वाढवायचा निर्णय झाला, आणि काढण्यासाठीही कोट्यवधी रुपये लागले. हे उदाहरण सायकलविरोधकांचं आवडतं आहे. त्यातून धडा वेगळा निघतो. वांद्रे-कुर्ला संकुलात सायकलनं कामावर येणारे मोजकेच होते आणि ट्रॅक संकुलाबाहेर कुठेही जोडलेला नव्हता. जिथं सायकली आहेत तिथं पैसा गेला नाही; जिथं त्या नाहीत तिथं गेला, आणि मग सायकली आल्या नाहीत म्हणून सायकललाच नापास केलं.

मुंबई महापालिकेनं तानसा जलवाहिनीच्या कडेनं 39 किलोमीटरचा सायकल मार्ग आखला, तो मुलुंडपासून पुढे. न्यायालयाच्या आदेशानं जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंची दहा मीटर जागा मोकळी करायची होती, तिचा असा उपयोग सुचला. कल्पना उत्तम. मात्र ही जलवाहिनी मुलुंडला सुरू होत नाही. 1892 मध्ये पुऱ्या झालेल्या तानसा धरणातून निघून ती शहापूर आणि भिवंडी तालुक्यांतून मुंबईकडे येते. तिच्या कडेची वाट भिवंडीच्या खेड्यांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या पायवाट म्हणून वापरत आली आहेत. पाणी आमच्या दारावरून जातं आणि सायकल मार्ग त्यांच्या दारापासून सुरू होतो, असं इथल्या एखाद्यानं म्हटलं तर त्याला उत्तर देणं अवघड आहे.

पुण्याचा अनुभव अधिक शिकवणारा आहे. सायकलींचं शहर ही ओळख स्कूटर-मोटारसायकलींनी पुसल्यावर ती परत आणायचे प्रयत्न तिथं नागरिकांनी चिकाटीनं केले. 'परिसर'सारख्या संस्थेनं चालणाऱ्याचा आणि सायकलवाल्याचा वाटा अंदाजपत्रकात मागण्याचं काम वर्षानुवर्षं केलं. 2006 मध्ये बीआरटीबरोबर, म्हणजे बसच्या वेगळ्या मार्गिकांबरोबर, केंद्राच्या पैशातून सायकल ट्रॅक झाले. पुष्कळ ठिकाणी ते तुटक राहिले, मध्ये खांब आले, टपऱ्या आल्या. 2016 मध्ये पुणे महापालिकेनं पादचारी धोरण मंजूर केलं, 2017 मध्ये सायकल आराखडा. त्याच सुमाराला भाड्याच्या सायकली आल्या, दोनेक वर्षं रंगीबेरंगी दिसल्या आणि गेल्या. टिकलं काय? जंगली महाराज रस्त्यावरचा रुंद फुटपाथ टिकला, कारण तो बांधताना आधी चालणाऱ्यांचा विचार झाला आणि त्याला पुरेसा पैसा मिळाला. डिसेंबर 2021 मध्ये लक्ष्मी रस्त्यावर एक दिवस गाड्या बंद करून 'पादचारी दिन' झाला, तेव्हा धंदा बुडेल म्हणणाऱ्या दुकानांसमोर गर्दी होती.

आकडे पाहिले तर भिवंडीची बाजू आणखी भक्कम होते. 2011 च्या जनगणनेत कामाला कसं जाता हा प्रश्न विचारला गेला. देशभरातल्या शेती आणि घरगुती उद्योग सोडून काम करणाऱ्यांपैकी 22.6 टक्के पायी जात होते आणि 13.1 टक्के सायकलनं. दुचाकीवाले 12.7 टक्के, म्हणजे सायकलवाल्यांपेक्षा कमी. मोटारी तर त्याच्याही खूप खाली. दुसरा आकडा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आहे. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यांत 32,825 पादचारी आणि 4,836 सायकलस्वार. मरणारा दर पाचवा माणूस चालत होता.

नियमांची उणीव कधीच नव्हती. जयकरांच्या समितीतून जन्मलेल्या रोड्स काँग्रेसनं सायकल ट्रॅकची मापं 1962 मध्येच छापली. फुटपाथवर अडथळ्याविना किमान 1.8 मीटर रुंदी सोडावी, असं तिचंच मानक सांगतं. 2006 च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणानं रस्त्याची जागा वाहनांना नव्हे, माणसांना वाटायची असं स्पष्ट म्हटलं. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पदपथाचा हक्क घटनेच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्कात येतो असं सांगितलं आणि राज्यांना मार्गदर्शक नियम करायला लावले. कागद भरपूर आहेत. अंदाजपत्रकातलं शीर्षक तेवढं नाही.

डच लोकांनी हीच अडचण पैशानं सोडवली. 1971 मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यावर 3,300 माणसं मेली, त्यांत 400 हून अधिक मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, पाठोपाठ 1973 चं तेलसंकट आलं. मग सरकारनं हेग आणि टिलबर्ग या शहरांत स्वतःच्या खर्चानं नमुन्याचे सायकल मार्ग बांधले आणि पुढे नगरपालिकांना अनुदानं दिली. ज्या सरकारनं तीस वर्षांपूर्वीपर्यंत सायकलवर कर घेतला होता त्यानंच आता सायकलसाठी तिजोरी उघडली. श्रीमंत देशाचं उदाहरण नको असेल तर नैरोबीचं घ्यावं : 2015 मध्ये तिथल्या स्थानिक सरकारनं रस्त्यांच्या खर्चाचा 20 टक्के वाटा चालणं आणि सायकल यांसाठी राखायचं धोरण केलं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं 2016 मध्ये हाच 20 टक्क्यांचा आकडा सगळ्या देशांना सुचवला.

भिवंडीत या पाचव्या हिश्श्यातून पहिल्यांदा काय करावं हे ठरवायला परदेशी सल्लागाराची गरज नाही. पाळी सुटताना माणसं ज्या रस्त्यांवर लोटतात ते रस्ते आधी घ्यावेत. रंगीत ट्रॅक आणि सेल्फी पॉइंट मागाहून. गटारांवर पक्की झाकणं आणि त्यावर सलग फुटपाथ, म्हणजे दोन कामं एका खर्चात होतात. रातपाळीच्या वाटांवर दिवे. कल्याण नाका, वंजारपट्टी नाका, अंजूरफाटा इथं रस्ता ओलांडायला सिग्नल आणि मध्ये थांबायला जागा. पादचारी पूल नकोत. दिवसभर मागापुढे उभा राहिलेला माणूस रस्ता ओलांडायला दोन जिने चढत नाही, हे पुलाखालची गर्दी पाहून कुणीही सांगेल. गोदामांच्या गावांत सेवा रस्त्याला लागून हातगाडी आणि सायकलसाठी वेगळी पट्टी, आणि तिचा खर्च एमएमआरडीएनं उचलावा, कारण तिथल्या बांधकामांचं विकास शुल्क तीच घेते. जलवाहिनीच्या कडेची वाट मुंबई महापालिकेशी बोलून भिवंडी तालुक्यातही बांधून घ्यावी. फेरीवाल्यांना हाकलून फुटपाथ मोकळा करायचा जुना खेळ मात्र इथं खेळू नये; ते सुद्धा याच चालणाऱ्या गिऱ्हाइकावर जगतात, त्यांच्यासाठी जागा आखून द्यावी लागेल.

महापालिकेचं अंदाजपत्रक दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडलं जातं. त्यात रस्ते आणि पूल यांच्या शेजारी 'पादचारी व सायकल' असं स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावं, त्याला वाहतुकीच्या एकूण खर्चाचा पाचवा हिस्सा द्यावा आणि वर्षाअखेरीस तो कुठे खर्च झाला ते प्रभागवार छापावं. ही मागणी प्रत्येक नगरसेवकानं सभागृहात मांडेपर्यंत भिवंडीच्या मतदारांनी त्याच्या दारात विचारत राहावं. पैसे त्यांनी 1869 पासून भरलेले आहेत.